आचारीबुवांची थोरली आणि धाकटी

आचारीबुवांनी गाढवं आणली तेव्हा गल्लीतला न्हावी कुंपणावर हात टेकून म्हणाला, "बुवा, दोन कशाला? एकच आणायचं होतं. जोडी झालीच असती की." यावर सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या काकू, म्हणजे बुवांच्या सौभाग्यवती. बुवांनी दोघांकडे असं बघितलं, की तोंड मिटण्याऐवजी दोघं आणखीच हसली.

बुवा म्हणजे कारखान्याच्या कॅन्टीनचे आचारी. एक ना दोन, बत्तीस वर्षं. रोज चारशे माणसं जेवायची. ताट रिकामं दिसलं की बुवांचा हात आपोआप डावाकडे जायचा आणि तोंडातून "अजून घे" निघायचं. कारखान्यात त्यांचं नावच पडलं होतं 'अजून-घे'. साहेब असो की झाडूवाला, नको म्हणणाऱ्याच्या ताटात डबल पडायचं. "माझ्या हातचं खाऊन कुणी आजारी पडलं नाही," हे वाक्य त्यांनी बत्तीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, ते मोजायला वेगळा माणूस लागला असता.

मग झाले निवृत्त. एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, चारशे माणसांनी हात हातात घेऊन सांगितलं, "येऊ हं भेटायला." पहिला महिनाभर बुवांनी रोज वीस माणसांचं जास्तीचं शिजवलं. न जाणो, कुणी आलं तर? काळं कुत्रंही फिरकलं नाही. सगळं शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये गेलं. शेवटी शेजारी त्यांना लांबून बघूनच दार लावून घ्यायला लागले. काकू तर पहिल्यापासून चिमणीसारख्या जेवणाऱ्या. पोस्टात टपालाची छाटणी करून संध्याकाळी घरी यायच्या, दोन घास खायच्या आणि ताटावर आडवा हात धरून म्हणायच्या, "पुरे." पस्तीस वर्षं हा एकच शब्द. मुलगी परगावी, तीही काट्यावर वजन करून जेवणारी.

बुवांनी मनाशी एक कडवट हिशेब मांडून टाकला. माणूस आचाऱ्याकडे येतो तो भुकेपायी. भूक भागली की पाठ. आपण कुणाला नकोच होतो, त्यांना आपला डाव हवा होता. हे ते कुणाला बोलले नाहीत, पण दिवसभर भांडी आपटायचे ती यापायीच.

त्यात गावाबाहेरची वीटभट्टी बंद पडली आणि तिथल्या दोन गाढविणी विकायला निघाल्या. घरामागे नव्वद पावलं लांब, चाळीस रुंद अशी जागा मोकळीच होती. काकू म्हणाल्या, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं!" बुवा म्हणाले, "व्याह्यानं नाही, मी स्वतः आणतोय. आणि घोडं नव्हे."

पण माणूस कामाला पक्का. कॅन्टीनमध्ये सामानाची यादी केल्याशिवाय चूल पेटवायची नाही, ही सवय. वही काढली आणि भट्टीवाल्याला, नालबंदाला, जो भेटेल त्याला विचारून लिहून काढलं. एकटं गाढव ठेवू नये, झुरतं. पावसात केस भिजून गारठतं, म्हणून छप्पर पाहिजे. पायाखाली कोरडी फरशी पाहिजे. दर दोन महिन्यांनी खूर तासायला माणूस पाहिजे. कुंपण असं, की ते अंग घासेल तरी पडू नये. रेकायला लागलं की तीन गल्ल्या ऐकू जातं, म्हणून शेजाऱ्यांना आधी विचारावं. तीस-पस्तीस वर्षं जगतं, म्हणून आपल्यामागे कोण बघणार ते ठरवावं. मुलीला फोन करून तिच्याकडून तेही कबूल करून घेतलं. ती म्हणाली, "बाबा, लोक दागिने ठेवून जातात हो." एकेका ओळीवर बरोबरची खूण झाली, आणि मगच थोरली आणि धाकटी घरी आल्या.

भट्टीवर वाळकं चिपाड चघळणाऱ्या त्या दोघी. हाडं वर आलेली. बुवांना भडभडून आलं. त्यांनी ताबडतोब जागेच्या अर्ध्या भागात लसूणघास लावला, हिरवागार, लुसलुशीत. वर भरडा, वर गाजरं. वेळापत्रक कॅन्टीनचंच, दिवसातून पाचदा. बुवा थाळीवर डाव वाजवायचे आणि दोघी कान उभारून धावत यायच्या. टोपली रिकामी झाली की, "अजून घे गं, बाई." सहा महिन्यांत दोघी अशा गोल झाल्या, की न्हावी म्हणाला, "बुवा, तुमच्यावर गेल्यात हो दोघी!" बुवांना ते खरंच बरं वाटलं. इतकी खूश स्वारी काकूंनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहिली.

सातव्या महिन्यात एका सकाळी डाव वाजला आणि एकटी धाकटीच आली. थोरली छपराखाली उभी होती, पुढचे पाय पुढे ताणून, सगळा भार मागे टाकून. पाऊल उचलेना. बुवांनी आधी काय केलं असेल? आणखी गाजरं नेली.

जनावरांची डॉक्टरीण आली. मुलीच्याच वयाची पोर, पण जिभेला हाड नाही. तिनं थोरलीचे खूर चाचपले, मानेवर चरबीचा कडक उंचवटा आला होता तो दाबला, मग त्या हिरव्यागार पट्ट्याकडे बघितलं.

"काय घालता हिला?"

बुवांनी अभिमानानं यादी सांगितली.

"काका, हिला कुणी शत्रूनं मारायचं म्हटलं असतं ना, तर त्यानं हेच केलं असतं. गाढवाचं पोट वाळक्या काडावर चालतं. तुम्ही रोज मेजवानी घातलीत. चरबी चढली आणि खुरांच्या आत आग लागलीय."

"माझ्या हातचं खाऊन बत्तीस वर्षांत एक माणूस आजारी पडला नाही!"

"ती माणसं पाच वाजता तुमच्या तावडीतून सुटून घरी जात होती."

बुवांचा चेहरा पडला. डॉक्टरीण जरा नरमली. तिनं दुखण्याचं औषध दिलं, पायाखाली भुशाचा जाड थर घालायला सांगितला. गव्हाचं वाळकं काड, तेही थोडं थोडं, मोजून. अगदी उपाशी ठेवायचं नाही, त्यानंही गाढव दगावतं. पण हिरवं एक पान नाही. "तीन आठवडे बघू. खुरातलं हाड खाली सरकलं, तर मग तिला इंजेक्शन देऊन मोकळं करावं लागेल. सकाळ-संध्याकाळ खुरांना हात लावून बघा. गार लागले पाहिजेत."

लसूणघास त्याच दिवशी कापून गवळ्याला दिला. उरलेला चारा आणि भरडा कोठीत बंद झाला, आणि किल्ली काकूंनी आपल्या कमरेला लावली. बुवा रोज सकाळी भुशात बसून खूर चाचपायचे. न्हावी कुंपणावरून ओरडायचा, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी!" बुवा म्हणायचे, "तुझेही धरतो, ये इकडे." पण खूर तापलेले असायचे, आणि थोरली कोठीच्या दाराकडे बघून अशी रेकायची, की बुवा कानात कापूस घालून बसायचे. आयुष्यात एकाही भुकेल्याला त्यांनी परत पाठवलं नव्हतं. आता दिवसातून दहादा पाठवत होते.

सहाव्या दिवशी पहाटे काकूंनी त्यांना मागच्या दारात गाठलं.

"खिशात काय आहे?"

"रुमाल."

"हिरवा?"

काकूंनी खिशात हात घातला आणि लसूणघासाची जुडी बाहेर काढली. गवळ्याच्या पोत्यातून पडलेली, बुवांनी गुपचूप उचलून ठेवलेली. काकू सहसा चिडायच्या नाहीत. त्या दिवशी चिडल्या.

"तुम्हाला ती जगायला हवीय, की तुमच्या हातून खायला हवीय? एकदा काय ते ठरवा!"

बुवा पायरीवर बसले आणि त्यांच्या तोंडून ते निघालंच. "खायला नाही दिलं, तर माझ्याकडे येईल कोण? चारशे जणांतला एक तरी आला का?"

काकूंनी जुडी पायरीवर ठेवली. मग त्यांच्या शेजारी बसल्या. "मी पस्तीस वर्षं राहिले ना तुमच्याजवळ? ती काय जेवणासाठी?"

"मग कशासाठी?"

"ते मलाही कधीकधी कळत नाही. पण जेवणासाठी नाही. तुमचं जेवण मला तिखट लागतं. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून."

बुवांनी वळून बघितलं. गाढवाच्या लाथेनंही माणूस इतका हबकत नसेल. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही दुसरं काहीतरी करून दुप्पट वाढलं असतंत."

बुवा उठले. जुडी त्यांनी स्वतःच्या हातानं चुलीत टाकली.

त्यानंतर त्यांनी एक काडी इकडची तिकडे होऊ दिली नाही. काटा आणून मोजलं. थोरली रेकली, तर समोर जाऊन बसायचे, "शिव्या दे, पण मिळणार नाही," म्हणायचे. डोळ्यांत पाणी यायचं, तरी बसायचे. पंधराव्या दिवशी पुढचा एक खूर कोमट लागला. अठराव्या दिवशी दोन्ही गार. बुवांनी खात्री होईना म्हणून काकूंना बोलावलं, काकूंनी न्हाव्याला बोलावलं, आणि तिघांनी मिळून एका गाढवाचे पाय धरले.

एकोणिसाव्या दिवशी बुवा उलट्या बादलीवर बसले होते. हातात टोपली नाही, डाव नाही. थोरली छपराखालून निघाली. एक पाऊल, थांबली. दुसरं. अशी अकरा पावलं चालून आली. तिनं बुवांचा डावा खिसा हुंगला, उजवा हुंगला.

"काही नाही गं, बाई," बुवा म्हणाले. "खरंच काही नाही." आणि ती आता वळणार म्हणून त्यांनी मान खाली घातली.

ती वळली नाही. तिनं आपलं भलंमोठं डोकं त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि डोळे मिटले. ओझं एवढं, की बुवा बादलीसकट मातीत रुतले. जागचे उठले नाहीत. पाठमोरे होते, तरी खांदे हलत होते, ते काकूंना दारातून दिसलं. त्यांनी हाक मारली नाही.

तासाभरानं बुवा आत आले, हात धुतले आणि स्वयंपाकाला लागले. त्या दिवशी त्यांनी तिखटाचा डबा उघडला, चमचा भरला, आणि अर्धा परत डब्यात झटकला. काकूंना वाढलं, नेहमीसारखं, दोन घासांचं. डाव पातेल्यात ठेवला आणि हात मांडीवर घेऊन गप्प बसले.

काकूंनी ताट संपवलं. आडवा हात धरला नाही. ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "अजून."