दीड दिवस अंगठ्याला सुट्टी

फोनचा पासवर्ड मी रागाच्या भरात बदलला, हे आधीच कबूल करते. राग धाकट्या जावेवर होता आणि चूक माझी होती. तिच्या पुरणपोळ्यांबद्दल मी माझ्या बहिणीला मेसेज केला होता, की या पोळ्या द्राक्षाच्या पेटीत तळाला घातल्या तर माल परदेशापर्यंत सुखरूप जाईल. जाऊ माझ्या फोनवर कसलासा व्हिडिओ बघायला बसली आणि तिला तो मेसेज सापडला. जुना पासवर्ड तिला मीच सांगितलेला. रविवारी दुपारी घरातली सगळी जेवायला बसली असताना तिनं तो मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला. भांडली नाही, रडली नाही. फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि मला आणखी एक पोळी वाढली.

आपलं चुकलेलं असलं की मला राग जास्तच चढतो. तशीच उठून मागच्या ओट्यावर गेले आणि पासवर्ड बदलून टाकला. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको, कुणालाही सापडणार नाहीत असे सहा आकडे हाताला येतील तसे दाबले. फोननं पुन्हा विचारले, पुन्हा दाबले. दुसऱ्यांदा दाबताना ते माझ्या लक्षात होते, एवढं नक्की.

एरवी मला पासवर्ड लागायचाच नाही. मी फोन उजव्या अंगठ्यानं उघडायचे. नवा घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "ताई, दोन-तीन बोटं देऊन ठेवा." मी म्हटलं, एका दाराला किती किल्ल्या करायच्या?

सोमवारी बागेत पेस्ट लावायची होती. द्राक्षाची छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना, जिथून कोंब येतो तिथं, औषध लावतात, म्हणजे सगळे डोळे एका वेळी फुटतात. औषध जहाल असतं, हातमोजे घालूनच लावायचं. पण मोज्यातून डोळा बोटाला कळत नाही, म्हणून मी दरवर्षी उजव्या मोज्याच्या अंगठ्याचं टोक कात्रीनं उडवते. आमचे हे दरवर्षी ओरडतात. मी दरवर्षी म्हणते, तुम्ही माझ्या बरोबरीनं एक ओळ लावून दाखवा. दुपारी हात धुतले तेव्हा अंगठा पांढराफटक पडला होता आणि आगआग करत होता. ते नेहमीचंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. चार वाजता मला आबांना घेऊन शहरात जायचं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. नामपूरकडचे, उभा जन्म कांद्याच्या शेतात गेलेला. दीड महिन्यापूर्वी पिकाला पाणी भरताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. ते बांधावर पडले आणि खिशातला फोन पाटाच्या पाण्यात गेला, तो गेलाच. दवाखान्यातून मी त्यांना माझ्याकडे आणलं. हात उठायला लागला, काठी घेऊन चालायलाही लागले, पण बोलणं काही आलं नाही. लेकीच्या घरी पाणी प्यायलासुद्धा संकोचणारा हा माणूस, आता माझ्या घरात खाटेवर बसून सगळ्यांचं ऐकायचा आणि हुंकारापलीकडे त्याच्या तोंडून काही निघायचं नाही.

पूर्वी रोज सकाळी साडेसहाला त्यांचा मेसेज यायचा. टाइप करता येत नाही म्हणून बोलून पाठवायचे. दोन वर्षं, रोज. खरं सांगायचं तर त्यातले अर्धे मी ऐकलेलेही नव्हते. सकाळी डबे असतात, मजूर येतात, आणि बाप काय उद्याही बोलणारच आहे असं वाटतं.

वाचा परत यावी म्हणून शहरात त्यांना शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या, समजूतदार होत्या. त्यांनी आबांना सफरचंदाचं चित्र दाखवलं. "आजोबा, हे काय आहे?" आबांनी मान फिरवली. तीन आठवडे हेच चाललं होतं. त्या सोमवारी मॅडमनी चित्रं बाजूला ठेवली आणि मला विचारलं, "घरी हे असंच मराठी बोलायचे का?"

"नाही. ते अहिराणी बोलतात."

"मग त्यांच्याच आवाजातलं काही रेकॉर्डिंग आहे का तुमच्याकडे? रोजचं, साधं बोलणं. ओळखीचा आवाज, ओळखीची वाक्यं कानावर पडली की कधी कधी शब्द सुटायला मदत होते. खात्री देत नाही मी. पण करून बघू."

दीड महिन्यात मला 'करून बघू' असं कुणी म्हटलंच नव्हतं. 'वय झालंय' म्हणणारे पुष्कळ भेटले होते. मी तिथल्या तिथं पर्समधून फोन काढला आणि अंगठा लावला. फोननं ओळख दिली नाही. पुन्हा लावला, पदराला पुसून लावला. मग त्यानं पासवर्ड मागितला. मी आठवून आठवून आकडे दाबले. फोन म्हणाला, अर्धा मिनिट थांबा. मग म्हणाला, आणखी थांबा. समोर आबा माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं.

तिथून रिक्षानं थेट दुकानदाराकडे गेलो. त्यानं फोन उलटसुलट केला.

"ताई, रिसेट मारला तर दहा मिनिटांत चालू होईल. पण आतलं सगळं साफ. बॅकअप आहे का?"

नव्हता. मुलगा सांगून थकला होता.

"मग अंगठ्याशिवाय इलाज नाही. बघू." त्यानं माझा अंगठा दिव्याखाली धरला. "अहो, याच्यावर रेषाच दिसत नाहीत. काय केलंत काय?" मी सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला. "पासवर्ड शेवटचा कधी टाकलात?"

"काल दुपारी, बदलला तेव्हा."

"मग बुधवार दुपारपर्यंत वेळ आहे. तीन दिवस झाले की हा फोन बोट घेत नाही, पासवर्डच मागतो. चार्जिंग उतरू देऊ नका, बंद पडला तरी तेच. अंगठ्याला पाणी नाही, साबण नाही, काम नाही. तूप चोळा. आणि सारखं लावून बघू नका, फार वेळा चुकलं तर तोही रस्ता बंद."

घरी येऊन हे जावेला सांगणं भाग होतं, कारण माझ्या हाताला काम नाही म्हणजे ते तिच्या हाताला. रविवारपासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो. मी काही न लपवता सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"म्हंजे माझ्यापासून लपवायला घातलेलं कुलूप तुमालाच लागलं."

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. मग भाकरी तव्यावर टाकून हात पुसले. "दाखवा अंगठा."

त्या घटकेपासून मी त्या घरात पाहुणी झाले. तिनं अंगठ्याला साजूक तूप चोळलं, वर जुन्या धोतराची चिंधी बांधली. मंगळवारी माझ्या वाटच्या ओळी तिनं लावल्या, दोन्ही मोजे शाबूत ठेवून. धुणं तिनं केलं, भांडी तिनं घासली, आबांना अंघोळ घालायला आमच्या यांना मदत तिनं केली. मला लसूणसुद्धा सोलू देईना. मला बसून राहायची सवय नाही. मी उठून उगीच डबे हलवायला लागले की ती हातातला डबा काढून घ्यायची. दुपारी माझी वेणीही तिनंच घातली, चांगली घट्ट, डोळ्यात पाणी येईल इतकी.

वेणी घालताना ती मागे होती, तोंड दिसत नव्हतं, म्हणून बोलायला सोपं गेलं. "पोळ्यांचं मी तसं लिहायला नको होतं," मी म्हटलं.

"जाड व्हत्यात, मला ठावं हाय," ती म्हणाली. "पण बहिणीला कशाला सांगायचं? मला सांगायचं ना. मी काय लांब राहते का?"

माझं वय पन्नाशीच्या पुढचं आणि इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी चिंधी सोडून अंगठा लावला. फोन बधिर. मला वाटलं, संपलं आता. त्या मेसेजांत आबांनी काय काय सांगितलं असेल, आणि ते मी कधीच ऐकणार नाही, या विचारानं जेवण गेलं नाही.

बुधवारी सकाळी पुन्हा चिंधी सोडली. कातडी मऊ पडली होती, बारीक रेषा उमटल्यासारख्या वाटत होत्या. लावला. नाही. जावेनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "तुपानं घसरतोय ओ. थांबा." कोरड्या फडक्यानं तिनं अंगठा हलकेच टिपला आणि स्वतःच धरून फोनवर टेकवला.

फोन उघडला.

मी रडले. ती नाही रडली. ती म्हणाली, "रडणं मागून. आधी माझ्या फोनवर पाठवा समदं." दुकानदारानंही हेच बजावलं होतं. तासभर मी दहा-दहा मेसेज तिच्या फोनवर पाठवत राहिले आणि ती आलेले मोजत राहिली. मधेच उठून तिनं आबांना चहा पाजला.

पाठवून झाल्यावर आम्ही दोघी आबांच्या खाटेपाशी बसलो. मॅडमकडे जायला अजून अवकाश होता, पण माझ्यानं थांबवेना. कुठला लावावा कळेना, म्हणून मी कधीच न ऐकलेल्यांपैकी एक लावला. आधी वारा वाजला, मग खाकरणं, मग त्यांचा आवाज.

"काय करी राहिनी व माय? मी मयामा शे. आठे पानी पडनं. चहा पिधा का?"

त्या दिवशी ते मळ्यात होते, तिकडे पाऊस पडला होता आणि लेकीनं चहा प्यायला का, ते विचारत होते. आबांनी दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. मग फोनकडे पाहिलं. मी तोच पुन्हा लावला. या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं, 'चहा पिधा का' झालं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. घशातून नुसती घरघर आली. मी तिसऱ्यांदा लावला. जावेनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"न... नही," आबा म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ होता. मग सगळा जोर लावून पुढचा काढला. "नही पिधा."

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. "ताई, आत्ताच तर पाजला मी. कप हा इथं हाय."

दीड महिन्यांनी माझा बाप बोलला होता आणि धडधडीत खोटं बोलला होता. जावेनं तो कप उचलून पदराआड धरला. "हां आबा, नाय दिला," ती म्हणाली, आणि दुसरा चहा ठेवायला उठली.