लागायला नको होता तो ठोसा

भूतखेत, करणी, नजर... असल्या गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. काही बिघडलं की आधी फ्यूज बघायचा, एवढंच मला कळतं. त्या दिवशी फ्यूज ठीक होता, म्हणून हे लिहिते आहे.

डिसेंबर १९८८. नागपूरच्या नंदनवनमध्ये शेजारीण शकून आणि मी मिळून व्हिडिओ गेमचं पार्लर चालवत होतो. चौदा वर्षांची मैत्री. मधल्या मोठ्या मशीनवर चौघं एकदम खेळायचे — अंधारं शहर, निऑनच्या पाट्या, लोखंडी हातांची माणसं रिंगणात एकमेकांना बुकलतात. दोन लाल, दोन निळे. आपल्याच रंगाच्या गड्याला मारलं तर ठोसा आरपार जायचा, लागायचा नाही. मशीनची बनावटच तशी.

दुपारी पोरं शाळेत असली की आम्ही दोघी पदर खोचून उभ्या राहायचो. दोघी लाल, निळे मशीनचे.

त्या दुपारी चहा आला. शकूननं गडी फिरवायचा दांडा सोडून दोन्ही हातांत ग्लास धरला. "तू पाहून घे वं कुसुम, मी चहा पिऊन राहिली."

मी निळ्यांच्या मागे लागले... आणि तिचा लाल गडी वळला. माझ्या गड्याच्या मागे आला, पाठीत ठोसा घातला. लागला. माझा गडी आडवा.

मशीन बिघडलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. शकून मात्र पांढरी पडली.

"मी हात नाही लावला, कुसुम."

"दिसते मले. ग्लास आहे तुह्या हातात."

"मंग... तुले घरमालकानं सांगितलं ना?"

"काय सांगितलं?"

ती बोलून चुकली होती, आता मागे फिरता येत नव्हतं. "जागेचा करार जानेवारीपासून माह्या एकटीच्या नावानं केला. भावाले बसवायचं आहे इथं. सांगणारच होती तुले."

"कधी? कुलूप बदलल्यावर?"

तिनं उरलेला चहा संपवला.

संध्याकाळी सीताबर्डीहून मेकॅनिक आला, मशीन उघडून बघितलं. म्हणाला, "ताई, असं होऊच शकत नाही. सर्किटमध्येच नाही ते."

तो गेल्यावर मी एकटीनं दोन्ही दांडे धरले. शकूनच्या गड्याला माझ्या गड्यामागे उभं केलं आणि ठोसे मारत राहिले, हात दुखेपर्यंत. सगळे आरपार गेले.

महिनाअखेरीला किल्ली देऊन टाकली. मशीनचं कारण कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. शकूनचं मी तिलाही विचारलं नाही.