लाल पाण्याच्या बरण्या

रिकामी काचेची बरणी टाकून देणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मलेला नाही. लोणचं संपतं, बरणी उरते.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात मी चाकूरला शाळामास्तर होतो. नव्या जिल्ह्याच्या स्वागताच्या कमानी जागोजागी उभ्या होत्या. नळाला थेंब नव्हता. बायका घागरी दारात मांडून ठेवत आणि गल्लीतलं मोत्या कुत्रं प्रत्येक घागरीत तोंड घालून पाणी आलं का बघून जाई. (सरकारी पाहणीपेक्षा ही पाहणी नियमित होती.)

लाल पाणी दारात ठेवलं की कुत्रं फिरकत नाही, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. घरातल्या अकरा बरण्या काढल्या, पाणी भरलं, कुंकू कालवलं आणि पायरीवर ओळीनं मांडल्या.

"अवं, प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही कुत्र्यासाठी बरण्या भरायलात?" बायको कडाडली.

"धुण्याचं पाणी आहे. फेकूनच देणार होतीस ना?"

शेजारचे शेषेराव म्हणाले, "गुरुजींनी केलं म्हंजे शास्त्र आसंल!" दोन दिवसांत सगळी गल्ली लाल!

तिसऱ्या दिवशी, गल्लीला टँकर द्यायचा की नाही ते ठरवायला जिल्ह्याचे साहेब आले. गळ्यात हार, मागे दोन कारकून. गल्लीच्या तोंडाशीच थबकले.

"टंचाई म्हणता, आणि दारोदार बरण्या भरलेल्या?"

"गुरुजी, टँकर गेला!" शेषेराव कानात कुजबुजले. "कायतरी बोला!"

मी बोललो. (तिथंच चुकलं.) "साहेब, ते पाणी नाही. सरबत आहे. तुमच्या स्वागताला!"

"अरे वा! मग आणा एक पेला."

बायकोनं शांतपणे पेला भरला आणि माझ्या हातात दिला. "आमच्यात सरबत आधी करणाऱ्यानं प्यायची रीत हाय, साहेब." (अशी कुठलीही रीत आमच्यात नव्हती.)

मी प्यालो. कुंकू, साबण आणि माझ्याच धोतराचा मळ. तोंडातून फेस आला, तोही लाल!

साहेब दोन पावलं मागं सरकले. "हे नक्की काय आहे?"

"कुत्र्यासाठी ठिवलेलं पाणी हाय," शेषेरावांनी सांगून टाकलं.

"आणि गुरुजी पितायत?"

"हाव."

साहेबांचे डोळे भरून आले. (त्या दिवशी गल्लीत दिसलेलं तेवढंच स्वच्छ पाणी.) त्यांनी जागेवरच शेरा लिहिला: 'येथे शिक्षकही कुत्र्यासाठी ठेवलेले पाणी पितात. टँकर तातडीने द्यावा.'

दुसऱ्याच दिवशी टँकर आला. गल्लीनं मला हार घातला. मी हसलो तेव्हा दात अजून लाल होते.

बरण्या पुढं कैक महिने पायरीवर राहिल्या. मोत्या त्यांना टेकून निवांत झोपायचा. त्या दिसल्या की लांबून वळसा घालून जाणारा गल्लीत एकच प्राणी होता. तो मी.