मावशींची ओळ

आज आमच्या थ्रॅश मेटल बँडच्या पहिल्या अल्बमची सीडी सापडली आणि पाच वर्षांपूर्वीची चाळीतली ती दुपार आठवली. दुसऱ्या दिवशी शेवटचं रेकॉर्डिंग होतं. पाणीटंचाईवरचं गाणं मी आईला भीतभीत ऐकवलं. घरात कॉलेजला जाणारा मी पहिला, त्यामुळे लिहिणं-बोलणं मलाच कळतं असं वाटायचं. हंडा मोर्चात घोषणा देणारी आई मेथी निवडत ऐकत होती.

“सगळं तूच ओरडतोस, मग लोकांनी काय रे करायचं?” तिने रिकाम्या हंड्यावर थाप मारली. “पाणी आमच्या...”

“हक्काचं!” समोरच्या खोलीतल्या शेजारीण मावशी तिथूनच ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी ती घोषणा गाण्यात घ्यायला दोघी हंड्यासकट स्टुडिओत आल्या. तेव्हा मी थोडा लाजलो होतो. आज गाणं लावलं. माझा आवाज अर्ध्यावर थांबतो, मावशी ओळ पूर्ण करतात, आणि त्या ओळीवरच गाणं उभं राहतं.