दिल्लीहून दोन तास

बांगलादेशचं युद्ध संपून महिना झाला असेल. आईच्या पोटात कळा यायला लागल्या म्हणून तिला तिसगावहून नगरला आणलं. डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात खडे आहेत, लवकर ऑपरेशन करावं लागेल. आईनं शांतपणे सांगितलं, "पोरगं आल्याबिगर मी आत जायची न्हाई."

पोरगं म्हणजे माझा थोरला भाऊ. दिल्लीला सरकारी नोकरीत होता. लग्नानंतर एकदाच गावी आलेला. दिल्ली फार लांब, येण्याजाण्यातच रजा संपते, असं तो कळवायचा आणि आई ते खरं मानायची. मी तार केली. उलट तार आली, उद्या सकाळच्या विमानानं निघतो.

आमच्या घरातलं कुणीच तोवर विमानात बसलं नव्हतं. मी गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. दिल्ली ते मुंबई हजार-अकराशे किलोमीटर, विमानाला दोन तास, पुढे नगरपर्यंत एसटी. दिवेलागणीपर्यंत येईल, असं मी आईला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच मला बसवेना. स्टँडवर जायचं, पुण्या-मुंबईची गाडी लागली की उतरणारा एकेक चेहरा बघायचा आणि परत दवाखान्यात यायचं. मी आत शिरले की आई माझ्या पाठीमागे बघायची. एकदा तिनं विचारलं, विमान पडतं का गं. नाही म्हणाले, पण तेव्हापासून माझ्याही डोक्यातून ते जाईना. चहा मागवला नि तसाच ठेवून पुन्हा स्टँड गाठला.

अंधार पडला तरी तो आला नाही. डॉक्टर आले, ताप वाढतोय, सकाळच्या पुढे थांबता येणार नाही म्हणाले. मी विमानाला उशीर झाला असेल वगैरे सांगू लागले. आईनं मला थांबवलं.

"त्यो यायचा तवा येईल. पोट माझं हाय." संमतीच्या कागदावर उठवायला तिनं अंगठा पुढे केला.

सकाळी तिला आत नेलं आणि थोड्याच वेळात तो आला. केसांत धूळ, कोट चुरगळलेला. दिल्लीत धुक्यामुळे विमान दुपारनंतर सुटलं होतं. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं पुणं आणि तिथून ट्रकमधून नगर. आम्ही बाकावर बसलो होतो. तो उठून दारापाशी जायचा, तो बसला की मी.

ऑपरेशन नीट पार पडलं. बोलण्याइतकं बळ आल्यावर आईनं त्याला जवळ बसवलं.

"इमानाला किती येळ लागला?"

"धुक्यात अडकलं होतं गं."

"उडाल्यावर रं."

"दोन तास."

आई वर छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी येवढ्याच लांब हुतास व्हय."

तो तिचा हात हातात घेऊन बसून राहिला. मलाच तिथं थांबवेना, मी व्हरांड्यात येऊन येरझाऱ्या घालत राहिले.

त्यानं रजा वाढवून घेतली. तिला पेज भरवली, टाके काढल्यावर गावी आणून सोडलं. त्या दिवाळीला बायकोमुलांना घेऊन आला, रेल्वेनं. येऊन टेकतो न टेकतो तोच आईनं सुनेला विचारलं, पुढच्या खेपेला कधी येणार.