चुंबकाला लोडशेडिंग नसते

आमच्या लॅबमध्ये धूळ येऊ नये म्हणून एकामागे एक दोन दारं होती. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असा कडक नियम. तरी किस्से कुठून आत यायचे कोण जाणे! चपला बाहेर काढून यायचे आणि कोपऱ्यात बसून राहायचे. अजूनही अमरावतीत जुनी मंडळी भेटली, चहा आला, की त्यातला एकेक उठून बोलायला लागतो.

काम तसं थोडक्यात सांगता येईल. कॅन्सरच्या गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्तात फिरू लागतात. कोट्यवधी रक्तपेशींच्या गर्दीत अशी एखादीच. तिला पकडायला आम्ही लोखंडाचे कण बनवायचो, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. नेमक्या त्या पेशीला जाऊन चिकटावेत, असा लेप त्यांच्यावर चढवायचा. मग रक्ताच्या नळीला चुंबक लावला की ती पेशी कणांसकट हळूहळू काठाला येते. ढोरे मॅडम प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली, आणि अकोल्याच्या दवाखान्यातून बायकांच्या रक्ताचे नमुने घेऊन येणारे सलीमभाई. एवढाच आमचा कारभार.

*

रक्त घेण्याआधी पेशंटला सगळं समजावून सांगायचं काम माझं. "याचा तुम्हाला फायदा होईलच असं नाही, पुढच्या लोकांना होईल," हेही सांगावं लागे, आणि तिथे आलं की माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा.

हिवरखेडच्या एक काकू खाटेवर संत्रं सोलत बसल्या होत्या. सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे माया रक्तातला चोर तुमी पकडसान?"

"हो काकू."

"मंग त्याले मारसान?"

"नाही... त्याचा अभ्यास करू."

काकूंनी एक फोड माझ्या हातावर ठेवली. "बाप्पा! मले वाटलं चोराले मारतीन. हे त त्याले शाळेत घालून राहिले!"

आणि दंडावरची बाही वर करत म्हणाल्या, "घ्या मंग. शिकू द्या त्याले बी."

*

सलीमभाई थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन एसटीने यायचे. एकदा उन्हाने पेंगत होते. शेजारच्याने विचारलं, "चाचा, डब्ब्यात काय हाय?"

अर्धवट झोपेत सलीमभाई घरच्या भाषेत बोलून गेले, "खून है."

शेजारचा ताडकन उठून मागच्या सीटवर गेला. कंडक्टरने ड्रायव्हरच्या कानात सांगितलं आणि गाडी मूर्तिजापूरच्या स्टँडऐवजी थेट पोलीस ठाण्यात शिरली.

हवालदार म्हणाला, "कोनाचा खून?"

सलीमभाई खडबडून जागे. "साहेब, बायांचा."

"बायांचा! कोनं केला?"

"केला नाई साहेब, काढला! अमरावतीच्या ढोरे मॅडमनं मंगवला."

हवालदाराने मॅडमना फोन लावला. "तुमी खून मंगवला काय?"

मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "हो! आणि लवकर पाठवा हो, उन्हानं खराब होते तो!"

*

त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव पेपरात एकाच बातमीसाठी यायचं. पुण्याच्या परिषदेत आम्ही पोस्टर लावून उभ्या होतो. एक गृहस्थ आले. "अमरावती" वाचून त्यांचा चेहरा सांत्वनाला आल्यासारखा झाला.

"तिकडे तर शेतकऱ्यांच्या... अरेरे. आणि तिथे नॅनोटेक्नॉलॉजी?"

एरवी परिषदेत अगदी पुस्तकी बोलणाऱ्या मॅडम अस्सल वऱ्हाडीवर आल्या. "काहून? आमच्या अंगात रक्त नसते काय?"

गृहस्थ पुढच्या पोस्टरकडे गेले.

*

पेशीला चमकणारा रंग द्यायचा आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. खोलीत गेलं की आपलं अंगच नाहीसं व्हायचं, डोळा तेवढा उरायचा. खाली काळंभोर आभाळ, आणि त्यात चांदणी शोधत फिरायचं. कित्येक आठवडे चांदणी नाहीच.

एके दिवशी दिसली! लांब, निळसर, झुळझुळती. मी ओरडलेच. मॅडम धावत आल्या, सलीमभाई दाराशी देवाचं नाव घेत उभे.

मॅडमनी खूप वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "कॅन्सर नाही बाई, कापूस आहे. कोणाच्या तरी ओढणीचा धागा. दोन काय, दहा दारं लावली तरी वऱ्हाडात दुसरं काय सापडणार!"

*

लोडशेडिंग तर पाचवीलाच पुजलेलं. दुपारी पंखे थांबायचे, फ्रीज मुका व्हायचा. पहिल्यांदा मी रडकुंडीला आले, तर मॅडम म्हणाल्या, "चुंबकाला लोडशेडिंग नसते. बस निवांत."

मग आम्ही तिघं नळ्यांकडे पाहत बसायचो. बाहेर ऊन नुसतं उभं. नळीच्या काठाला तपकिरी रेघ इतकी सावकाश धरायची, की पाहता पाहता डोळे मिटायचे. एकदा मला स्वप्न पडलं. मी परतवाड्याच्या स्टँडवर आहे आणि जीपमधून पेशी उतरताहेत. गोल, पारदर्शक, पोटात दिवा लावल्यासारख्या. एकीने मला विचारलं, "ताई, मेळघाटची गाडी कुठी लागते?" मी गाडी दाखवली!

जागी होऊन सांगितलं तर सलीमभाई गंभीरपणे म्हणाले, "जाऊ कशी देल्ली तिले? पकडाची नं!"

*

बार्शीटाकळीच्या रहमतबी रजया शिवायच्या. हाताच्या शिवणीसाठी गावात नावाजलेल्या. त्यांचं रक्त आम्ही घेतलं होतं आणि त्यात खरीखुरी पेशी सापडली होती. हे सलीमभाईंकडून कळलं, तेव्हा नवऱ्याला घेऊन त्या सरळ लॅबच्या दारात आल्या.

"मले पाहाची हाय."

मॅडम घुटमळल्या. पेशंटला अशी पेशी दाखवावी की नाही, कुठे लिहिलेलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "या."

नवरा बाहेर बाकावर बसला. अंधाऱ्या खोलीत मी रहमतबींना स्टुलावर बसवलं. डोळा कसा लावायचा ते दाखवलं. काळ्या आभाळात एकच हिरवी चांदणी होती, कडा जरा थरथरल्यासारख्या.

रहमतबींनी डोळा लावला.

"एकटीच हाय?"

"एकटीच सापडली," मॅडम म्हणाल्या.

"काई करून नाई राहिली. झोपली काय?"

मॅडमना खोटं बोलता येत नसे. "नाही रहमतबी. रंग देण्याआधी तिला मारावं लागते. मेलेली आहे ती."

रहमतबींनी डोळा काढला. पदर डोक्यावरून पुढे ओढला, आणि कुणी गेल्याचं कळल्यावर म्हणतात ती दुआ हलक्या आवाजात म्हणाल्या. दाराशी उभ्या सलीमभाईंचेही ओठ हलले.

मी गोंधळून म्हटलं, "रहमतबी, अहो, ती तर तुमच्या जिवावर उठली होती!"

त्या स्टुलावरून उतरल्या, पदर नीट केला.

"जशी असंन तशी," त्या म्हणाल्या, "होती त मायीच."