दुखणं झाकलेली घोडी

निलंग्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर होते, तेव्हा शिरूर अनंतपाळकडच्या एका जत्रेत घोड्यांची शर्यत होती. घोडे तपासायला म्हणून मला बोलावलं. तपासायचं काय, हे पंचांना ठाऊक नव्हतं. रक्त बघायची सोय नव्हती. माझ्यासाठी एक खुर्ची होती, हार होता आणि सारखा डोळ्यांवर घसरणारा फेटा.

शर्यतीआधी एक मालक आपली पांढरी घोडी घेऊन आले. गावात वजन असलेला माणूस, अंगानंही तसाच. घोडी पुढच्या डाव्या पायात किंचित लंगडत होती. खुराच्या वर, नळीच्या हाडाला हात लावताच तिनं पाय ओढून घेतला. हिला पळवू नका, मी म्हटलं. त्यांना सल्ला नको होता, दुखणं मारायचं इंजेक्शन हवं होतं. मी समजावलं, दुखतंय म्हणूनच ती पाय जपून टाकते. दुखणं झाकलं तर बेभान पळेल आणि हाड मोडून घेईल.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, मघाशी माझ्यासमोरच तुमीबी कंबरदुखीची गोळी खाल्लाव की."

"खाल्ली. पण मला खुर्चीत बसायचंय. पळायचं तिला हाय."

ते मान हलवून गेले. मला वाटलं, पटलं. अशा समजुतीवरच मी सरकारी नोकरी काढली.

थोड्या वेळानं घोडी रेषेवर आली, ती कवायतीला आल्यासारखी ताठ चालत. मी जाऊन तिची मान चाचपली. केसांखाली सुईचा ताजा फुगवटा, वर रक्ताचा ठिपका. मालकांचे साडू, ज्यांचं नांदेडला औषधाचं दुकान होतं, शेजारीच उभे होते. ते एकदम आभाळाकडे बघायला लागले.

घोडी बाद करा, असं मी पंचांना सांगितलं. एकानं पुरावा मागितला, दुसऱ्यानं चहा मागवला.

माझं डोकं फिरलं. निवेदक पान खायला गेला होता. मी माइक उचलला आणि जाहीर केलं की पांढऱ्या घोडीला दुखणं दाबायचं इंजेक्शन दिलंय, पळताना तिचा पाय मोडू शकतो, तरी स्वाराच्या घरच्यांनी जवळपास थांबावं.

स्वार म्हणजे मालकांचा भाचा, दोन लेकरांचा बाप. तो खाली उतरला आणि लगाम त्यांच्या हातात देत म्हणाला, "मामा, आता तुमीच बसा."

सगळा माळ हसला. मामा काही बसले नाहीत. बसले असते तर पाय मोडायला शर्यतीची गरजच पडली नसती. पांढरी घोडी सोडून बाकीचे घोडे पळाले.

संध्याकाळी इंजेक्शनचा असर उतरला आणि घोडी तीन पायांवर उभी राहिली. टेम्पोत घालून तिला उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नेलं. एक्स-रेत नळीच्या हाडाला बारीक तडा दिसला. मालक तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मग मला म्हणाले, माइकवर बोलायला नको होतं, चारचौघांत इज्जत गेली.

घोडी बरी झाली. शर्यतीत मात्र परत उतरली नाही. पुढं तिला शिंगरू झालं. मालक आता सगळ्यांना सांगतात, की पायातली खोट त्यांनी स्वतः ओळखली आणि ऐन रेषेवरून घोडी माघारी फिरवली. परवा निलंग्याच्या स्टँडवर त्यांनी ही हकिगत मलाच ऐकवली. मी शेवटपर्यंत ऐकली. सांगतात छान.